तीन नंबर खिडकीसमोरची खोली

रोझविथा रावे माणसं नावाने लक्षात ठेवत नसे, गाडीच्या नंबराने ठेवी. बेकरीवाली म्हणजे तिच्या लेखी ‘जी के ६१२’. दातांचा डॉक्टर दोनदा येऊन गेला होता, एकदा लग्नानंतर नंबरात बायकोचं आद्याक्षर घालून घ्यायला आणि एकदा ते काढून टाकायला. लीनहागन जिल्ह्यात रस्त्याने जाताना तिला समोरून येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीवर आपल्या हातचं काम दिसे. अल्युमिनियमचा कोरा पत्रा, त्यावर अक्षरांचे ठसे, वरून प्रेसचा दांडा, मग उठून आलेल्या अक्षरांवर काळा रंग चढवणारा गरम रूळ. तीन मिनिटांत पाटी तयार, हाताला अजून कोमट लागणारी.

या धंद्याचं मर्म अगदी साधं आहे. नवी गाडी घेतली की माणूस जिल्हा कचेरीत जातो. तिथे तीन नंबरच्या खिडकीवर त्याला नंबर मिळतो आणि एक चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन पाटी करून आणायची आणि पुन्हा त्याच खिडकीवर तिच्यावर सरकारी शिक्का चिकटवून घ्यायचा. मधल्या वेळात कुणी गावभर भाव विचारत फिरत नाही. जे दार पहिलं दिसेल त्यात तो शिरतो. कसब, सचोटी, गोड बोलणं सगळं आपल्या जागी ठीक, पण पोट भरतं ते खिडकीच्या जवळ असणाऱ्याचं.

आणि रोझविथा जवळ होती. कचेरीच्या आतच, तीन नंबरच्या बरोबर समोरच्या खोलीत, अकरा पावलांवर. ही खोली तिच्या नवऱ्याने, हिनर्कने, पंच्याऐंशी साली मिळवली होती. अठ्ठ्याण्णव साली हिनर्क गेला, पण खोली राहिली. ती राहणारच, असं रोझविथाने धरलं होतं. घरातली भिंत उद्या असेल का, असं कुणी विचारतं का?

दोन हजार चारच्या वसंतात कचेरीतून पत्र आलं. नव्या जिल्हाप्रमुखांनी खोली हानोफर शहरातल्या एका कंपनीला दिली होती. तिच्या म्हणे देशभर चाळीस शाखा. रोझविथाला तीन महिन्यांची मुदत. तिला कुणी विचारलं नाही, आणखीही कुणाला विचारलं नाही. ज्याने जास्त भाडं बोललं त्याच्याशी दार लावून बोलणी झाली आणि मोकळे झाले.

तिने जागा शोधली. कचेरीच्या आसपास रिकामी अशी एकच होती, रस्त्यापलीकडची, एगबर्ट टाम यांची.

सगळं गाव त्यांना टाम मिस्त्री म्हणायचं. कुलपं-किल्ल्यांचे ते कसबी कारागीर, आणि याच दुकानात अठ्ठावन्न सालापासून गाड्यांच्या पाट्याही करत. हिनर्क कचेरीच्या आत गेल्यावर त्यांचं गिऱ्हाईक तुटलं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी प्रेस भंगारात काढला आणि निवृत्त होईपर्यंत साखर कारखान्यात पाळ्या केल्या. त्यांची बायको हेडा कचेरीत फरशी पुसायच्या कामाला लागली. रोज संध्याकाळी ती बादली घेऊन रोझविथाच्या खोलीतही यायची, म्हणायची, “पाय उचला हं जरा, रावेबाई,” आणि रोझविथा पाय उचलायची. आता हेडा नव्हती. मिस्त्री दुकानाच्या वर एकटे राहत होते, वय त्र्याहत्तर.

रोझविथाने जागा मागितली तेव्हा त्यांनी फार वेळ घेतला नाही. “घ्या,” म्हणाले. “प्रेस ठेवायला फरशी अजून मजबूत आहे.” तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

अकरा पावलांची एकशे चाळीस झाली आणि मध्ये एक सिग्नल आला. लीनहागनचा माणूस लाल दिव्यासमोर रिकाम्या रस्त्यावरही खांबासारखा उभा राहतो. पण त्याला उभं राहायची वेळच येत नव्हती, कारण पाटी आतच मिळत होती. दिवसाला पन्नास पाट्या दाबणारी रोझविथा सहावर आली, मग चारवर. उरलेला वेळ ती काचेतून कचेरीच्या दाराकडे बघत बसे. लोक चिठ्ठी घेऊन बाहेर येतील म्हणून वाट पाहायची, आणि ते तयार पाट्या काखेत मारून बाहेर यायचे.

दहा वाजता वरून जिन्यात पावलं वाजत. मिस्त्री कॉफीचा थर्मास घेऊन खाली येत आणि आपल्याच जुन्या काउंटरवर कोपर टेकून उभे राहत.

“काय रावेबाई, आज किती?”

“चार.”

“माझ्या शेवटच्या वर्षी तीन व्हायच्या. म्हणजे तुम्हाला अजून घसरायला जागा आहे.”

“तुमची जीभ भारीच गोड आहे, मिस्त्री.”

“चाळीस वर्षं किल्ल्या घासल्या. जिभेला धार लागणारच.”

ती हसायची. पण ते वर गेले की तिला वाटायचं, यांना माहीत आहे की नाही? आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, थर्मास विसरला तरी, कॉफीत साखर जास्त झाली तरी, तिला त्यात काहीतरी अर्थ दिसायचा.

सप्टेंबरात ती वकीलबाईंकडे गेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे तिलाही ठाऊक होतं, पण शहाणपणावर प्रेस चालत नाही. वकीलबाईंचं नाव आल्मूट झेबेक, वय पस्तिशीचं, बोलणं भराभर.

“कचेरी गाडीची नोंदणी करते ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा ती सरकार. नंबर देणं हा काही धंदा नव्हे, तिथे स्पर्धेच्या कायद्याला काम नाही. पण तीच कचेरी खोली भाड्याने देते तेव्हा ती सरकार नाही. तेव्हा ती घरमालकीण. तुमच्या त्या टाम मिस्त्रींसारखी.”

“पण घर तिचं आहे. माझं घर, मी वाटेल त्याला देईन, असं म्हणाले कचेरीवाले.”

“मिस्त्री म्हणू शकतात, कारण गावात आणखी दहा दुकानं आहेत. जिल्ह्यात गाडी-नोंदणीची खिडकी किती?”

“एक.”

“मग तिच्यासमोरच्या खोल्या कुणाच्या हातात? एकटीच्या. इतकी एकटी असलेल्या घरमालकिणीला लहर करता येत नाही, बाई. खोली द्यायची तर सगळ्यांना कळवायचं, सगळ्यांना बोली लावू द्यायची, आणि ठरलेल्या वर्षांनी पुन्हा नव्याने. अंगावर सरकारी कोट आहे म्हणून धंदा हा धंदा राहत नाही असं नाही.”

रोझविथाला हे इतकं सरळ वाटलं की तिला रडूच येईल असं झालं. मग तिने विचारलं, “हा कायदा नवीन निघालाय का?”

“छे हो! तुमच्या-माझ्या लग्नाआधीपासूनचा. कचेऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.” वकीलबाईंनी कागद पुढे ओढला. “त्यांचं म्हणणं येणार की ही एकदाच झालेली चूक आहे. ही त्यांची जुनी खोडच आहे असं दाखवता आलं तर उत्तम. कुणाला पूर्वी लेखी नकार दिल्याचं आठवतं? एखादं पत्र?”

“नाही,” रोझविथा म्हणाली. “मला काही माहीत नाही.”

घरी जाताना बसमध्ये तिने ते ‘नाही’ वीस वेळा मनात म्हणून पाहिलं. तिला ते पत्र पाठ होतं, आणि ते तिने कुठे वाचलेलं नव्हतं. ते तिनेच टाइप केलं होतं.

शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये ती रोझविथा फिंक होती, कचेरीतली टायपिस्ट. हिनर्कशी लग्न ठरलेलं होतं, मे महिन्यात व्हायचं होतं. हिनर्कला खोली मिळून वर्ष झालं होतं. ती मिळाली होती नेमबाजी मंडळाच्या जत्रेत, बोकेलमान नावाच्या विभागप्रमुखाशी हात मिळवून, दोन पेले दारूवर. टाम मिस्त्रींनी कचेरीला पत्र लिहिलं, की मी अठ्ठावीस वर्षं हे काम करतो, ती खोली देताना मलाही विचारायला हवं होतं, आता निदान आळीपाळीने द्या. बोकेलमान खिडकीशी उभे राहून उत्तर सांगत गेले आणि तिची बोटं चालत गेली: ‘जिल्हा कचेरी ही शासनसंस्था असल्यामुळे व्यापारी स्पर्धेचे नियम तिला लागू होत नाहीत. आपल्या इमारतीत कोणास जागा द्यावी हा कचेरीचा अंतर्गत प्रश्न आहे.’ सांगून झाल्यावर त्यांनी डोळा मिचकावला. “फिंकबाई, हा आमच्याकडून लग्नाचा आहेर समजा.”

ती हसली होती. आता तिला टोचत होतं ते हेच. टाइप करणं नोकरी होती, पण हसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्या पत्रावर तिची खूण होती. कचेरीच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर असते तशी: आधी सांगणाऱ्याच्या नावाची सुरुवात, मग रेघ, मग टाइप करणाऱ्याच्या नावाची. बो/फि. इतकी बारीक की कुणी बघत नाही. पण न्यायालयात कागद गेला की तो भिंगाखाली जातो.

दीड महिना ती गप्प बसली. आपलं ठेवायचं झाकून आणि कचेरीचं पाहायचं वाकून, असा हा मामला होता, आणि तिला ते कळत होतं. पण दिवसाला दोन पाट्या होऊ लागल्या. नोव्हेंबरात वकीलबाईंचा फोन आला, की दुसरा पुरावा नाही, पत्र असेल तर आताच. त्या दुपारी दुकानाच्या दाराला कडी लावून ती जिना चढली.

मिस्त्री कोबीची भाजी आणि सॉसेज खात होते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“मिस्त्री, एक कागद हवा होता. शहाऐंशी सालचा.”

कुठला, असं त्यांनी विचारलं नाही. भिंतीवरच्या फळीवर जाड फायली ओळीने उभ्या होत्या: घर, विमा, हेडाची कबर, कचेरी. त्यांनी शेवटची काढली, मेजावर उघडली आणि पत्र तिच्याकडे फिरवलं. कागद पिवळा पडला होता, शिक्का मात्र अजून निळाभोर होता. साखर कारखान्यात पेर गमावलेलं त्यांचं बोट सरळ पत्राच्या डोक्यावर गेलं.

“हे काय लिहिलंय?”

रोझविथा न विचारता खुर्चीवर बसली. “खूण आहे.”

“कुणाची?”

“बोकेलमानांनी सांगितलं. आणि... मी टाइप केलं.”

“अठरा वर्षं माहीत आहे मला. त्या कचेरीत फिंकांची मुलगी एकच होती.”

“मग मला दुकान कशाला दिलंत?”

मिस्त्रींनी काचेतून खाली रस्त्याकडे पाहिलं. “खरं सांगू? तुम्ही त्या दाराकडे बघत बसलेल्या मला वरून बघायच्या होत्या. मी बसायचो तशा. पहिला महिना फार बरं वाटलं मला. जेवण गोड लागायचं.” ते थांबले. “मग गोडी गेली. तुम्ही मान अगदी हेडासारखी वाकडी करून बघता.”

रोझविथाने नकळत मान सरळ केली.

“एक सांगा आता,” ते म्हणाले. “तुमची वकीलबाई काय म्हणते? हे जे इथे लिहिलंय, नियम लागू होत नाहीत म्हणून, ते आता खोटं ठरलंय? की तेव्हाही खोटं होतं?”

‘आता’ म्हणाली असती तर म्हातारा सुखाने झोपला असता. एक शब्द पुरे होता, आणि तो तिच्या ओठांवर आलाही होता.

“तेव्हाही,” ती म्हणाली.

भाजी गार झाली. मग मिस्त्री पत्राशी बोलल्यासारखं बोलले. “हेडा म्हणाली होती, कुणातरी जाणत्याला दाखवू या. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, डोळे फुटले का तुझे, शिक्का दिसत नाही? सरकारने शिक्का मारून लिहिलंय म्हणजे ते तसंच असणार. मी वकिलाचं दारसुद्धा पाहिलं नाही हो. वाचलं, दोन भोकं पाडली आणि फाइलला लावलं.” त्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. “आणि ती बारा वर्षं त्यांच्या फरश्या पुसत राहिली.”

“माझीही पुसली,” रोझविथा म्हणाली.

“हो. तुमचीही.”

पत्र त्यांनी तिला दिलं नाही. “न्यायालयात मी स्वतः घेऊन येईन,” म्हणाले. “तुमच्या हातातून एकदा गेलाय हा कागद. दुसऱ्यांदा नको.”

मार्चमध्ये सुनावणी झाली. मिस्त्री रविवारचा कोट घालून मागच्या बाकावर बसले होते, फाइल मांडीवर. कचेरीचा वकील मुद्देसूद बोलणारा होता. तो म्हणाला की तक्रार करणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला तरी खोली कशी मिळाली होती? जाहिरात देऊन? तेव्हा बाईंना स्पर्धा आठवली नव्हती. बाकांवर कुणीतरी हसलं. रोझविथाचे कान तापले, कारण त्याचं म्हणणं खरंच होतं.

मग वकीलबाईंनी पत्र पुढे ठेवलं. न्यायाधीशबाईंनी ते वरपासून वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. “सही बोकेलमान यांची. ते हयात आहेत?”

“नाहीत,” कचेरीचा वकील म्हणाला. “वीस वर्षांपूर्वीचं पत्र कोणत्या परिस्थितीत लिहिलं गेलं हे आज कुणीच सांगू शकणार नाही.”

“वर ‘फि’ आहे. ही कोण?”

“असेल कुणी टायपिस्ट.”

तो तिथेच विषय संपत होता. वकीलबाई पुढचं पान उलटत होत्या. रोझविथा उभी राहिली.

“मी आहे ती. तेव्हा माझं नाव फिंक होतं.” आणि मग तिने सगळं सांगितलं: जत्रा, हातमिळवणी, आहेर, डोळा मिचकावणं. स्वतःचं हसणंही सांगितलं. हिनर्कचं नाव तिने सर्वांत शेवटी घेतलं, कारण मेलेल्याला उत्तर देता येत नाही, आणि तो काही वाईट माणूस नव्हता. पण दार उघडं दिसलं तेव्हा ते दुसऱ्याच्या तोंडावर आपटलं जातंय, हे त्याने पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं होतं.

निकाल मे महिन्यात आला. खोली भाड्याने देणारी कचेरी ही धंदा करणारीच, नियम तिला लागू, कंपनीशी केलेला करार रद्द, खोलीसाठी जाहीर बोली. रोझविथा जिंकली. वकीलबाईंनी फोनवर अभिनंदन केलं. रोझविथाने त्या संध्याकाळी लोण्याचा केक आणला आणि दोन तुकडे वर मिस्त्रींकडे नेऊन दिले.

बोलीसाठी पाच अर्ज आले. एक रोझविथाचा, एक त्याच कंपनीचा. खोली मिळाली सगळ्यांत मोठी बोली लावलेल्या, शेजारच्या गावच्या नुरेत्तीन चाकमाक नावाच्या माणसाला. त्याने यापूर्वी दोनदा कचेरीला विचारलं होतं आणि त्याला नकाराचं पत्रसुद्धा आलं नव्हतं. कायद्याने दार उघडून दिलं होतं, आत कुणी जायचं हे सांगणं त्याच्या हातात नव्हतं. रोझविथा पहिल्या दिवशी त्याला भेटायला गेली. “रूळ जास्त तापवू नका,” तिने सांगितलं, “इथल्या भिंतीत ओल आहे, रंग सुटतो.” त्याने आभार मानले. मग ती मागे वळली आणि सवयीने अकरा पावलं मोजली.

मनाला लागलं का? फार लागलं. घरी येऊन तिने दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडली. पण यात अन्याय झाला असं तिला एकदाही म्हणता येईना, आणि त्यामुळे रडणं जास्तच अवघड झालं.

ऑगस्टमध्ये तिने दुकान बंद करायचं ठरवलं. प्रेस चाकमाकनेच घ्यायचा ठरला. शेवटच्या दिवशी रिकाम्या काउंटरवर तिने माळ्यावरून आणलेला जुना टाइपरायटर ठेवला. शाईची फीत सुकली होती, तिने ती ओली करून घेतली. कागदाच्या दोन्ही कडा तिने कचेरीत शिकवल्या तशा सारख्या ठेवल्या. दहा वाजता मिस्त्री थर्मास घेऊन खाली आले, तेव्हा तिने तो कागद त्यांच्यापुढे केला.

त्यांनी आधी डोकं वाचलं. बोट तिथे नेलं. तिथे होतं: रा/रा.

“सांगितलं कुणी?”

“मी.”

“आणि टाइप?”

“तेही मीच.”

खाली लिहिलं होतं: ‘श्री. एगबर्ट टाम यांस. आपला मार्च १९८६चा अर्ज नाकारला गेला तो चुकीचा होता. नियम तेव्हाही कचेरीला लागू होता. मला कायदा ठाऊक नव्हता, पण फायदा कुणाचा होतो हे ठाऊक होतं. तेव्हा मी हसले. त्याबद्दल आपली आणि आपल्या पत्नीची मी क्षमा मागते. रोझविथा रावे, पूर्वाश्रमीची फिंक.’

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलवत, कुणाला तरी ऐकवल्यासारखं. मग वर गेले. परत आले तेव्हा हातात फाइल आणि भोकं पाडायचं यंत्र होतं. त्यांनी कडा जुळवून दोन भोकं पाडली, फाइलची कडी उघडली आणि कागद त्या जुन्या पत्राच्या वर बसवला.

“शिक्का नाही यावर,” ते म्हणाले.

“नाही, मिस्त्री. माझ्याकडे कुठला शिक्का?”

“बरं झालं,” टाम मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फाइल बंद केली.